‘एक टीथ गेलाय!’

वागळे इस्टेटसारख्या औद्योगिक वसाहतीत गिअर कापणाऱ्या वर्कशॉपमध्ये ‘एक टीथ गेलाय’ हे वाक्य खटकत नाही. कारागीर तेलकट पिनियन बोटांत फिरवत दाते मोजतो आणि तुटक्या दात्यावर खडूची रेघ ओढतो. नव्याने रुजू झालेला इंजिनिअर मनातल्या मनात दुरुस्ती करतो: एक असेल तर टूथ! इंग्रजी व्याकरणात त्याचं बरोबर. पण मशीनवरचा ‘टीथ’ केव्हाच मराठी झालाय, त्याला इंग्रजीचे नियम कशाला?

टूथचं अनेकवचन टीथ, हा इंग्रजीचा लहरीपणा आहे असं शाळेपासून वाटत आलेलं असतं. तसं नाही. जुन्या अनेकवचनी प्रत्ययात ‘इ’सारखा स्वर होता. त्याने आधीच्या स्वराला आपल्याकडे ओढलं आणि पुढे स्वतः गळून गेला. फूट-फीट, गूस-गीस ही त्याच घरची भावंडं.

दुसरा समज जास्त चिवट आहे. दातांच्या दवाखान्यावर ‘डेंटल’ अशी पाटी दिसली की कोणीतरी म्हणतंच, ‘बघा, आपल्या दंतावरून घेतलंय!’ डेंटल आलं लॅटिनमधून. लॅटिन, संस्कृत आणि इंग्रजी यांचा पूर्वज एक, म्हणून शब्द सारखे. ही उसनवारी नव्हे, भाऊबंदकी. या नात्याकडे भाषापंडित विल्यम जोन्सने १७८६ मध्ये कलकत्त्यातल्या भाषणात लक्ष वेधलं होतं. गंमत अशी, की मुळीच सारखा न दिसणारा ‘टूथ’ही दंताचा सख्खा चुलतभाऊ आहे. इंग्रजीच्या घराण्यात मूळच्या ‘द’चा ‘ट’ झाला (दश आणि टेन आठवा) आणि मधला ‘न’ झिजला.

लॅटिनचीच लेक रुमानियन. भोवती स्लाव भाषा असल्याने तिलाही अनेकजण स्लाव समजतात. तिच्यात दाताला ‘दिन्ते’, अनेकवचनी ‘दिन्त्सि’. इंग्रजीत दाढेलाही टूथ चालतं. रुमानियनमध्ये मात्र दाढेला मराठीसारखाच वेगळा शब्द आहे, ‘मसेआ’. अक्कलदाढ म्हणजे ‘मसेआ दे मिन्ते’, त्यातला मिन्ते म्हणजे बुद्धी. दुधाचे दातही दुधाचेच: ‘दिन्त्सि दे लाप्ते’. गिअरच्या दात्यालाही दिन्तेच म्हणतात. आणि आपण ‘त्याचा माझ्यावर दात आहे’ म्हणतो, तसा रुमानियन माणूसही मनात राग धरला की कोणाविरुद्ध ‘दिन्ते’ बाळगतो.

शेवटचा घोटाळा नावाचा. रुमानियन आणि रोमानी एकच नव्हेत. रोमानी ही युरोपभर विखुरलेल्या रोमा लोकांची भाषा, रुमानियातही बोलली जाणारी, पण मूळची भारतातली. तिच्यात दाताला ‘दंद’ म्हणतात, नाकाला ‘नख’, आणि आकडे मोजतात ते येक, दुइ, त्रिन असे.