चिखलाची धार

चिखलाने सुरीला धार लावता येते, असं कुणी सांगितलं तर तुम्ही म्हणाल, "काहीतरीच!" पण जपानमध्ये क्योतो शहराच्या पश्चिमेला जे डोंगर आहेत, तिथल्या खाणींतून निघणारे धारेचे दगड अगदी हेच करतात. आणि हा चिखल साधासुधा नाही बरं का. डायनोसॉर पृथ्वीवर यायच्या आधीपासूनचा आहे तो!

झालं असं, की सुमारे 25 कोटी वर्षांपूर्वी समुद्रातल्या बहुतेक सगळ्या जाती नाहीशा झाल्या. तोपर्यंत खोल समुद्राच्या तळावर रेडिओलारिया नावाच्या सूक्ष्म जिवांचे सांगाडे साचत होते. हे सांगाडे सिलिकाचे असतात, त्यांचा चर्ट नावाचा कठीण दगड बनतो. पण आता ते जीवच फारसे उरले नाहीत. मग तळावर काय साचणार? अगदी बारीक माती आणि तिच्यात मिसळलेले क्वार्ट्‌झचे कण, मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढे. जमिनीपासून इतक्या दूर वाळूचा भरड कण पोचतोच कशाला! पुढे तो समुद्रतळ वर्षाला काही सेंटिमीटर अशा चालीने सरकत आशियाच्या कडेला आला आणि खाली घुसला. वरचे थर मात्र खरवडून निघाले, जमिनीला चिकटले, त्यांचे डोंगर झाले. नारुताकी, नाकायामा, ओझुकु या नावाजलेल्या खाणी त्या डोंगरांतल्याच.

क्वार्ट्‌झ पोलादापेक्षा थोडं कठीणच, म्हणून ते पोलाद घासू शकतं. भोवतालची माती मऊ, ती कण सोडत राहते. दगडावर थोडं पाणी शिंपडायचं आणि 'नागुरा' नावाचा छोटा दगड त्यावर फिरवायचा. दुधाळ चिखल वर येतो. मग पातं त्यावर पुढे-मागे चालवायचं. हळूहळू चिखल काळा पडतो. तो काळेपणा सुरीच्या पोलादाचा! नवशिक्याला हा काळा चिखल म्हणजे घाण वाटते आणि तो धुऊन टाकतो. नका धुऊ. काम तोच करतोय.

अर्थात बोथट सुरी थेट या दगडावर आणली तर दिवस जाईल. आधी भरड दगड, मग मध्यम, आणि शेवटी हा.

आता खरी गंमत. पारंपरिक जपानी सुरीत बहुधा दोन धातू जोडलेले असतात: धारेला कडक पोलाद आणि आधाराला मऊ लोखंड. या दगडाचे कण मऊ लोखंडावर खोल ओरखडे काढतात, कडक पोलादावर उथळ. म्हणून लोखंड धुकट दिसतं आणि धारेचा पट्टा उजळ. तलवारीला झिलई देणारे कारागीर तर याच्याही पुढे जातात. दगडाची पापडासारखी पातळ चकती करतात, तिला मागून कागद चिकटवतात आणि अंगठ्याखाली धरून तलवारीवर फिरवतात. असं कितीतरी तास!

असा दगड जपावाही लागतो. तो थराथरांचा, त्यामुळे बाजूने पाणी शिरलं तर थर सुटून तडकू शकतो. म्हणून बाजूंना उरुशी नावाच्या झाडाच्या चिकाचं रोगण लावतात. हल्ली पुष्कळजण काजूच्या टरफलातल्या तेलापासून बनवलेलं रोगण वापरतात. कोकणातल्या मुलांना ते तेल चांगलं ठाऊक असेल, लागलं की कातडी जाते! उरुशी, काजू आणि आपला आंबा ही तिन्ही झाडं एकाच कुळातली आहेत.

असा बारीक कणांचा दगड पाण्यात भिजत ठेवायचा नाही. काम झालं की धुवायचा, पुसायचा, सावलीत वाळवायचा. उन्हात नको, आणि कडाक्याच्या थंडीत ओला तर मुळीच नको. आतलं पाणी गोठून फुगतं आणि दगड फोडतं. वापरून वापरून मध्यभागी खोलगट झाला, की दुसऱ्या सपाट दगडावर किंवा हिऱ्याच्या कणांच्या पट्टीवर घासून सपाट करायचा. खोलगट दगडावर सरळ धार येणार कशी?

कारखान्यात बनवलेल्या दगडांचे कण एकसारखे असतात, त्यावर 1000, 6000 असे आकडेही असतात. डोंगरातल्या दगडावर आकडा नसतो आणि एकाच खाणीतले दोन दगडही सारखे निघत नाहीत. बहुतेक जुन्या खाणी आता बंद पडल्या आहेत, त्यामुळे चांगला दगड फार महाग मिळतो. माझं विचाराल, तर कांदे-बटाट्याच्या सुरीला कारखान्यातला दगड पुरे. सुताराच्या रंध्याचं पातं किंवा तलवार असेल, तर गोष्ट वेगळी.

आणि हो, धार आली की नाही ते पाहायला पात्यावर बोट फिरवू नका. घरातल्या मोठ्या माणसाला कागदाचा कपटा कापून दाखवायला सांगा. कागद सरळ कापला गेला तर धार आली, फाटला तर दगड पुन्हा ओला करायचा.