ताकद पुढे ठरते, धूर मागे : जुन्या गाडीच्या टेलपाइपबद्दलचे गैरसमज

जुनी गाडी नव्याने उभी करणारे लोक इंजिन, रंग आणि सीटकव्हर यांवर महिनोन् महिने खल करतात. एक्झॉस्टचा निर्णय मात्र शेवटच्या आठवड्यात, सायलेन्सरवाल्याच्या दुकानासमोर उभे राहून होतो, आणि तोही बहुधा ‘मागून कसे दिसेल’ एवढ्यावरच. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेली फियाट ११०० किंवा पुढची पद्मिनी घ्या. १०८९ सीसीचे चार सिलिंडरी इंजिन, चाळिशीच्या आसपास अश्वशक्ती, मागची चाके ओढणारा अखंड ॲक्सल आणि त्याखाली पाटे. अशा गाडीच्या मागे एक नळी काढायची की दोन, बाजूने काढायची की बंपरखालून, जाड की बारीक, याबद्दल ठाम मते असलेली माणसे भरपूर भेटतात. त्यातली बहुतेक मते एकाच चुकीच्या गृहीतकावर उभी आहेत. ते गृहीतक म्हणजे, टेलपाइपमुळे गाडीची ताकद ठरते. प्रत्यक्षात ताकदीचा हिशोब इंजिनाला चिकटलेल्या मॅनिफोल्डमध्ये आणि त्याखालच्या पहिल्या पाइपात जवळपास संपतो. सायलेन्सरच्या मागचा तुकडा तीन गोष्टी ठरवतो: धूर कुठे जाणार, आवाज कसा येणार आणि सगळे किती दिवस टिकणार. त्यामुळे मांडणीही या तीन प्रश्नांवरूनच ठरवायला हवी.

गैरसमज : दोन टेलपाइप लावले की गाडी जास्त पळते

या समजाला आधार आहे, पण तो दुसऱ्या गाड्यांचा. अमेरिकी व्ही-८ इंजिनात सिलिंडरांच्या दोन रांगा असतात. प्रत्येक रांगेला स्वतःचा मॅनिफोल्ड असतो, म्हणून पाइपही मुळापासून दोन निघतात. १९६१ च्या जग्वार ई-टाइपचे सहा सिलिंडर एकाच रांगेत होते, तरी तिच्या मागे दोन नळ्या होत्या, आणि त्याला कारण होते. पहिल्या तीन सिलिंडरांचा मॅनिफोल्ड वेगळा, शेवटच्या तिघांचा वेगळा. पेट घेण्याचा क्रम १-५-३-६-२-४ असल्यामुळे धुराचा धक्का एकदा पुढच्या तिघांकडून येई, एकदा मागच्या तिघांकडून. त्यामुळे प्रत्येक पाइपात धक्के समान अंतराने येत आणि एकाचा अडथळा दुसऱ्याला होत नसे. मागे दिसणाऱ्या दोन नळ्या ही इंजिनापाशीच केलेल्या विभागणीची दुसरी टोके होती. पद्मिनीत मॅनिफोल्ड एक आणि खाली उतरणारा पाइपही एकच. सगळा वायू त्या एका पाइपातून आणि एका सायलेन्सरमधून आल्यावर शेवटच्या दोन-तीन फुटांत त्याला दोन वाटा करून दिल्याने आधीच्या वाटेतली अडचण सुटत नाही. ३८ मिलिमीटरच्या दोन नळ्यांचे एकत्र क्षेत्रफळ सुमारे ५४ मिलिमीटरच्या एका नळीइतके होते हे खरे, पण अलीकडचा रस्ता तेवढाच अरुंद राहिला तर त्या रुंदीचा उपयोग काय? अशी दुसरी नळी शोभेची असते. शोभा हवी असेल तर जरूर लावावी, पण वजन, खर्च आणि गंजायला आणखी एक जागा ही तिची किंमत आहे.

गैरसमज : इंजिनाला ‘बॅक प्रेशर’ लागते, आणि त्याच्या उलट, पाइप जितका जाड तितके बरे

ही दोन मते एकमेकांच्या विरुद्ध असूनही एकाच गॅरेजमध्ये ऐकू येतात. बॅक प्रेशर म्हणजे धूर बाहेर ढकलताना पिस्टनला होणारा विरोध. तो कोणत्याही इंजिनाला लागत नाही. त्यात ताकद वाया जाते. इंजिनाला फायदा होतो तो वायूच्या वेगाचा. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की धुराचा एक धक्का पाइपात धावतो आणि त्याच्या पाठीमागे कमी दाबाची जागा तयार होते. दोन्ही व्हॉल्व्ह क्षणभर एकदम उघडे असतात तेव्हा हा कमी दाब उरलासुरला धूर ओढून काढतो आणि ताज्या मिश्रणाला आत यायला मदत करतो. पुढचा पाइप वाजवीपेक्षा जाड केला तर वेग पडतो: ३८ ऐवजी ५० मिलिमीटर व्यास घेतला तर तोच वायू जवळपास ४२ टक्के कमी वेगाने जातो. मग खालच्या आरपीएमवर गाडी मंद वाटते आणि लोक म्हणतात, बॅक प्रेशर गेले. कार्ब्युरेटरच्या गाडीत आणखी एक कारण असते. अडथळा बदलला की हवा-पेट्रोलचे प्रमाण बदलते, आणि जेट तेच ठेवले तर मिश्रण पातळ होते. तिथेही दोष कमी झालेल्या विरोधाचा नसतो. जुळणी न केल्याचा असतो.

मागच्या तुकड्याला तर जाडीची गरज आणखी कमी. मॅनिफोल्डजवळ ७०० अंश सेल्सिअसच्या घरातला वायू मागे पोहोचेपर्यंत ३०० अंशांवर आला, तर त्याचे आकारमान सुमारे ४० टक्क्यांनी घटलेले असते. अनेक कारखान्यांनी टेलपाइप पुढच्या पाइपापेक्षा बारीक ठेवला तो कंजूषपणाने नव्हे. यावर हमखास आक्षेप येतो: ‘जाड पाइप बसवल्यावर गाडी खरोखर सुधारली.’ सुधारली असेलही. पण काढून टाकलेला सायलेन्सर तीस-चाळीस वर्षांचा असेल, त्यातले पडदे गंजून कोसळले असतील, तर योग्य मापाचा नवा पाइप लावूनही तीच सुधारणा दिसली असती. शिवाय आवाज वाढला की वेग वाढल्यासारखा वाटतो. खरे काय ते घड्याळ लावून पाहिल्यावरच कळते.

गैरसमज : नळीचे तोंड सोयीने कुठेही काढता येते

या ठिकाणची चूक सर्वांत महाग पडते. पळत्या गाडीच्या मागे कमी दाबाचा पट्टा तयार होतो आणि तिथे सोडलेला धूर पुन्हा गाडीकडे खेचला जातो. जुन्या गाडीत डिकीचे रबर कडक झालेले असते, तळपत्र्यातली बुचे निघालेली असतात, वायरिंगची भोके उघडी असतात. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसल्यामुळे धुरात कार्बन मोनॉक्साइडही भरपूर असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० हून अधिक पट घट्ट चिकटतो. म्हणून नळी ॲक्सलच्या अलीकडे, गाडीच्या पोटाखाली संपवणे हा सर्वांत वाईट पर्याय. तोंड मागच्या पत्र्याच्या आणि बंपरच्या बाहेर यायलाच हवे. ‘मागच्या काचा उघड्या ठेवू, हवा खेळेल’ हा उपायही उलटू शकतो, कारण फक्त मागची काच उघडली की धूर आत येण्याची वाट मोकळी होते.

बाजूने नळी काढायचे आकर्षण परदेशी गाड्यांवरून येते. १९६५ च्या शेव्हरोले कॉर्व्हेटला बाजूचे एक्झॉस्ट कारखान्यातूनच मिळत असत. पण आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ११२ सांगतो की धूर खाली किंवा डावीकडे सोडायचा नाही. तो मागे किंवा उजवीकडे जायला हवा. आपण डावीकडून गाडी चालवतो, म्हणजे डावीकडे पदपथ आणि बसथांबा असतो, हे लक्षात घेतले की नियमाचे कारण कळते. नियम ११३ नुसार एक्झॉस्ट पाइप पेट्रोलच्या लाइनपासून ३५ मिलिमीटरच्या आत नसावा. नवी वाट आखताना ही लाइन नेमकी मध्ये येते. २०२१ पासून पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपातल्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केला तर ती मिळत नाही. शोभेच्या नळ्यांसाठी मागचा पत्रा कापण्याआधी याचाही विचार करावा.

गैरसमज : आवाज नळीच्या तोंडावर ठरतो

चकचकीत टोकाने आवाजात नगण्य फरक पडतो. फरक पडतो तो सायलेन्सरच्या पोकळीने आणि टेलपाइपच्या लांबीने. सायलेन्सरपासून बाहेरच्या तोंडापर्यंतची नळी दोन्ही बाजूंनी उघडी धरली, तर तिच्या लांबीप्रमाणे एक ठरावीक स्वर तिच्यात घुमतो. ३०० अंशांच्या वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ४८० मीटर असतो. दीड मीटरच्या नळीत साधारण १६० हर्ट्झचा स्वर घुमेल. चार सिलिंडरी इंजिन एका फेऱ्यात दोन धक्के देते, म्हणजे १६० हर्ट्झ ४८०० आरपीएमला येतात, जिथे ही गाडी क्वचितच जाते. सायलेन्सर पुढे सरकवून तीच नळी २.४ मीटर केली तर घुमण्याची जागा ३००० आरपीएमवर येते, नेमकी हमरस्त्यावरच्या वेगाला. हिशोब ढोबळ आहे, पण मुंबई-पुणे प्रवासात डोके उठवणारी घरघर कुठून येते हे त्यातून कळते.

गैरसमज : लिफ्टवर बसले म्हणजे बसले, आणि स्टेनलेस म्हणजे कायमचे

दोन खांबांच्या लिफ्टवर गाडी उचलली की मागची चाके लोंबतात, ॲक्सल खाली जातो आणि त्याच्यावरून जाणाऱ्या पाइपाखाली ऐसपैस फट दिसते. चार माणसे आणि सामान घेऊन गाडी खड्ड्यात आदळते तेव्हा ॲक्सल वर येतो आणि ती फट नाहीशी होते. म्हणून मोजमाप गाडी चाकांवर उभी असताना, ॲक्सल किती वर येऊ शकतो ते धरून करावे. तीन मीटर लोखंडी पाइप ३०० अंशांनी तापला की सुमारे एक सेंटिमीटर वाढतो, आणि इंजिन आपल्या रबरांवर डुलत असते. चासीला थेट वेल्ड केलेला पाइप या हालचालींमुळे तडकतो. त्याला रबरी हँगर हवेतच. धातूबद्दलही तेच: एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे एक लिटर पाणी तयार होते, आणि छोट्या फेऱ्यांत पाइप पुरेसा न तापल्याने ते आतच साचते. स्टेनलेस हे पाणी अधिक काळ सोसते, तरी त्याच्या स्वस्त जातींवर तपकिरी गंज चढतोच. जी गाडी महिन्यातून एकदा गल्लीपुरती फिरते, तिच्या पाइपाला रोज लांब जाणाऱ्या गाडीपेक्षा लवकर भोक पडू शकते.

मग दिसण्याला काहीच स्थान नाही का? आहे, पण शेवटचे. आधी तोंड कुठे उघडेल ते ठरवावे: मागे, बंपरच्या बाहेर, पेट्रोलच्या लाइनपासून दूर. मग ॲक्सलवरून सुरक्षित जाणारी वाट, मग सायलेन्सरची जागा आणि नळीची लांबी, मग इंजिनाच्या मापाचा व्यास. एवढे जमले की टोक क्रोमचे हवे की काळे, हे मालकाने खुशाल आपल्या आवडीने ठरवावे. तोपर्यंत त्या आवडीने काही बिघडण्यासारखे उरलेले नसते. चार सिलिंडरी जुन्या गाडीच्या बाबतीत हा क्रम बहुतेक वेळा कारखान्याने मुळात दिलेल्या एकेरी नळीपाशीच आणून सोडतो, कारण तिथल्या अभियंत्यांनाही याच अडचणी सोडवायच्या होत्या.