आकड्यांचा वृक्ष

व्यापारी कुटुंबांत जमाखर्च चोख ठेवण्याची परंपरा जुनी आहे. परंतु खातेवही घडून गेलेले सांगते. पुढील वर्षाचा अंदाज बांधताना मात्र गतवर्षीच्या विक्रीत १५-२० टक्के मिळवून आकडा मांडला जातो. बँकेत कर्जप्रस्ताव तपासताना असे अंदाज मी वर्षानुवर्षे पाहिले. ही वाढ नेमकी कोठून येणार, या प्रश्नाचे उत्तर क्वचितच मिळे.

ते शोधण्याची रीत अमेरिकेतील ड्यूपॉन्ट कंपनीत सुमारे शंभर वर्षांपूर्वी रूढ झाली. डोनाल्डसन ब्राऊन यांनी भांडवलावरील परताव्याच्या दोन फांद्या केल्या : विक्रीवरील नफ्याचे प्रमाण आणि भांडवलाची फिरत. दोहोंचा गुणाकार म्हणजे परतावा. नफ्याच्या फांदीला पुढे विक्री व खर्च, तर फिरतीच्या फांदीला साठा व उधारी असे फाटे फुटतात. या तक्त्यांसमोर बसून कंपनीचे अधिकारी निर्णय घेत. १९२१ मध्ये ब्राऊन जनरल मोटर्समध्ये गेले व ही दृष्टी तेथेही रुजली. परताव्याला चालना देणारे घटक आता संगणकावर मांडता येतात. एका चौकटीतील आकडा बदलला की सारा वृक्ष बदलतो.

एक उदाहरण पाहू. एका घाऊक दुकानाची वार्षिक विक्री १ कोटी २० लाख रुपये, निव्वळ नफा ६ लाख आणि गुंतलेले भांडवल ४० लाख आहे. नफा ५ टक्के, फिरत ३ वेळा. म्हणून परतावा १५ टक्के. सर्व विक्री उधारीवर असून वसुली ३० दिवसांत होते, असे धरू. ती ४५ दिवसांवर गेली तर आणखी ५ लाख रुपये अडकतात. १० टक्के दराने कर्ज काढल्यास ५० हजार व्याज पडते. नफा साडेपाच लाखांवर येतो, भांडवल ४५ लाखांवर जाते आणि परतावा सुमारे १२ टक्क्यांवर उतरतो. विक्री मात्र एका रुपयानेही घटलेली नसते! केवळ विक्री पाहणाऱ्याला ही गळती दिसतच नाही.

अनेक घरांत वडील म्हणतात, ‘उधारी आवरा’. मुलगा म्हणतो, ‘उधारीशिवाय गिऱ्हाईक टिकत नाही.’ दोघांचेही म्हणणे खरे असू शकते. अशा वेळी कागदावर हा वृक्ष काढावा. उधारी वाढवल्याने विक्री किती वाढेल आणि पैसा किती अडकेल, हे त्या-त्या चौकटीत लिहावे. दर महिन्याला प्रत्यक्ष आकडा शेजारी नोंदवावा. मग वाद माणसांशी न राहता गृहीतकांशी होतो. पिढ्यान्‌पिढ्यांची पेढी एकत्र राखण्यासाठी एवढे पुरेसे नसेल. पण आवश्यक निश्चितच आहे.