घरच्या घरी नायट्रॉक्स? आधी कॉम्प्रेसरमधलं तेल आणि फिल्टर समजून घ्या

स्कुबा डायव्हिंगचे व्हिडिओ बघता बघता 'नायट्रॉक्स' हा शब्द तुमच्या कानावर आला असेल. मग पुढचा व्हिडिओ येतो: एक माणूस आपल्या गॅरेजमध्ये कॉम्प्रेसर लावून स्वतःच सिलिंडर भरतोय. धाराशिवला समुद्र नाही, पण विहिरी आहेत, आणि विहिरीत पडलेली मोटर काढायला कॉम्प्रेसरची नळी तोंडात धरून उतरायची कल्पना कुणीतरी काढतंच. माझ्या चुलतभावानेही मला हेच विचारलं होतं: "दादा, पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर चालेल ना?" नाही चालणार. का, ते आज नीट बघू.

नायट्रॉक्स म्हणजे नेमकं काय?

आपण श्वासात घेतो त्या हवेत साधारण २१ टक्के ऑक्सिजन आणि ७८ टक्के नायट्रोजन असतो. ऑक्सिजन वाढवून ३२ किंवा ३६ टक्के केला की झालं नायट्रॉक्स. नायट्रोजन कमी असल्याने तो शरीरात कमी विरघळतो आणि डायव्हरला पाण्याखाली जास्त वेळ थांबता येतं.

हिशेब सोपा आहे. रिकामा सिलिंडर २०० बारपर्यंत ३२ टक्क्यांनी भरायचा असेल, तर आधी सुमारे २८ बार शुद्ध ऑक्सिजन आणि वर १७२ बार साधी हवा. मी सॉफ्टवेअरवाला, मला हे दोन ओळींचं कोड वाटतं. पण खरी अडचण हिशेबात नाहीच, ती त्या 'साध्या हवेत' आहे. कारण ती हवा तेलाने चालणाऱ्या कॉम्प्रेसरमधून येते.

तेल आणि ऑक्सिजनचं वैर

शेतातलं डिझेल इंजिन आठवा. त्यात स्पार्क प्लग नसतो. पिस्टन हवा इतकी जोरात दाबतो की ती तापते आणि त्या उष्णतेनेच डिझेल पेटतं. आता १ बारची हवा एकदम २०० बारपर्यंत दाबली आणि उष्णता बाहेर जाऊच दिली नाही, तर हिशेबाने तिचं तापमान १००० अंशांच्या वर जातं. म्हणून डायव्हिंगचे कॉम्प्रेसर तीन-चार टप्प्यांत दाबतात आणि प्रत्येक टप्प्यानंतर हवा थंड करतात.

हाच प्रकार व्हॉल्व्हपाशी होतो. ऑक्सिजनच्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह झटकन उघडला, की पुढच्या नळीतला गॅस क्षणात दाबला जातो आणि तापतो. तिथे तेलाचा पातळ थर असेल, तर डिझेल इंजिनात घडतं ते तुमच्या हातात घडेल. म्हणूनच ऑक्सिजनच्या व्हॉल्व्हला तेल-ग्रीस लावायचं नाही, आणि तो हळूहळूच उघडायचा.

कोणतं तेल?

गाडीचं इंजिन ऑइल तर अजिबात नाही. श्वासाच्या हवेच्या कॉम्प्रेसरसाठी कंपनीने मॅन्युअलमध्ये सांगितलेलं तेलच घालायचं. चांगली सिंथेटिक तेलं उष्णता जास्त सोसतात आणि व्हॉल्व्हवर काजळी कमी धरतात. पण काही सिंथेटिक तेलं ठरावीक प्रकारचे रबरी सील खराब करतात, म्हणून न विचारता तेल बदलायचं नाही आणि दोन तेलं मिसळायची नाहीत.

'फूड ग्रेड' लिहिलंय म्हणून निर्धास्त होऊ नका. ते तेल अन्नाला लागलं तर चालेल एवढाच त्याचा अर्थ. ऑक्सिजनमध्ये ते पेटणार नाही, असा नाही. ऑक्सिजनच्या बाजूच्या ओ-रिंगसाठी खास फ्लोरिनयुक्त ग्रीस असतं. ते महाग असतं, पण त्याला पर्याय नाही.

फिल्टर नेमकं काय काय पकडतो?

डायव्हिंगच्या साध्या हवेसाठी प्रचलित असलेल्या 'ग्रेड ई' मानकात एका घनमीटरला ५ मिलिग्रॅम तेल चालतं. शुद्ध ऑक्सिजनमध्ये मिसळायच्या हवेसाठी डायव्हिंगच्या जगात ०.१ मिलिग्रॅमची मर्यादा पाळतात. म्हणजे ५० पट कडक! त्यासाठी टप्पे असे:

१. सेपरेटर: पाणी आणि तेलाचे थेंब खाली बसवतो. तो वेळोवेळी रिकामा करावा लागतो.
२. मॉलिक्युलर सिव्ह: ओलावा शोषणारे दाणे.
३. ॲक्टिव्हेटेड कार्बन: तेलाची वाफ आणि वास पकडतो.
४. हॉपकॅलाइट: मँगनीज आणि तांब्याच्या ऑक्साइडचं मिश्रण. ते विषारी कार्बन मोनॉक्साइडचं कार्बन डायऑक्साइड करतं, पण हवा कोरडी असेल तरच.

आता आपला उन्हाळा धरा. २० अंशांना एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त १७ ग्रॅम पाण्याची वाफ मावते, ४० अंशांना सुमारे ५१ ग्रॅम. कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणारी हवा ओलाव्याने पुरती भरलेली असते. ती जितकी गरम, तितकं फिल्टरवरचं ओझं जास्त. थंड देशातल्या व्हिडिओतला 'इतके तास चालतो' हा आकडा मे महिन्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये चालणार नाही.

आणि मोनॉक्साइड येतो कुठून? शेजारी चालणाऱ्या इंजिनाच्या धुरातून, किंवा जास्त तापून जळणाऱ्या तेलातून. त्याला वास नाही, रंग नाही. ग्रेड ई मध्ये त्याची मर्यादा दहा लाख भागांत १० भाग आहे. ३० मीटर खोलीवर दाब चौपट होतो, म्हणजे शरीरावर परिणाम ४० भागांसारखा. पंक्चरच्या कॉम्प्रेसरला यातला एकही फिल्टर नसतो. तो टायरसाठी आहे, फुप्फुसांसाठी नाही.

हेच तंत्र आपल्या जिल्ह्यात

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत कळंब तालुक्यातल्या चोराखळीच्या धाराशिव साखर कारखान्यात ऑक्सिजन तयार करण्याचा प्रकल्प उभा राहिला, ते तुम्हाला आठवत असेल. इथेनॉलमधलं पाणी वेगळं करायला कारखान्यांत मॉलिक्युलर सिव्ह वापरतात. त्याच तत्त्वावर, वेगळा झिओलाइट घेऊन, हवेतला नायट्रोजन शोषून घेता येतो आणि मागे ९३ टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन उरतो. अशा प्लांटमध्येही हवा आधी दाबायची असते, आणि झिओलाइटपर्यंत जाण्याआधी तिच्यातलं तेल आणि पाणी काढावंच लागतं, नाहीतर दाणे निकामी होतात. म्हणजे गॅरेज असो की कारखाना, पहिला प्रश्न एकच: हवा किती स्वच्छ?

मोबाइल काय करू शकतो, काय नाही

मिश्रणाचा हिशेब करणारी ॲप्स मिळतात आणि ती हिशेब बरोबर करतात. पण फोनमध्ये गॅस मोजणारा सेन्सर नाही. सिलिंडरमध्ये ३२ टक्के आहे की ४०, हे फक्त ऑक्सिजन ॲनालायझरच सांगतो, तोही आधी साध्या हवेवर २०.९ ला जुळवून घेतलेला. फरक छोटा नाही. १.४ बारच्या नेहमीच्या मर्यादेने ३२ टक्क्यांवर साधारण ३३ मीटर खोल जाता येतं, ४० टक्क्यांवर फक्त २५. त्याखाली ऑक्सिजनच विष ठरू शकतो, पाण्यातच झटके येऊ शकतात. कार्बन मोनॉक्साइडसाठी मीटर वेगळा लागतो.

मग करायचं काय?

भारतात सिलिंडरमध्ये दाबाखाली गॅस भरायला गॅस सिलिंडर नियम, २०१६ प्रमाणे परवाना लागतो आणि तो देणाऱ्या पेसो या संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे: घरी भरू नका. डायव्हिंग शिकायचं असेल तर तारकर्लीला एमटीडीसीचं स्कुबा केंद्र आहे. पुढे नायट्रॉक्सचा कोर्स केलात, की भरलेला सिलिंडर घेताना तीन गोष्टी विचारा: फिल्टर कधी बदलला? हवेची तपासणी कधी झाली? ॲनालायझर माझ्या हातात देता का? तिन्हींची सरळ उत्तरं मिळाली तरच पाण्यात उतरा.

आणि विहिरीत उतरायला निघालेला कुणी मित्र असेल, तर त्याला हा लेख आजच पाठवा.