आधीं मोजावें, मग बोलावें

शिरूरच्या आमच्या जुन्या वाड्यांत गेल्या उन्हाळ्यांत एक तंटा उत्पन्न झाला. धाकटी सून पुण्यांतील एका कचेरीचें काम माडीवरच्या खोलींत बसून करते. सकाळीं अकरा वाजतां तिच्या कचेरीची बैठक संगणकाच्या पडद्यावर भरे, आणि नेमका त्याच वेळीं तिचा आवाज तुटे, चित्र गोठे. दहावीची परीक्षा देऊन मोकळा झालेला नातू त्या सुमारास फोनवर खेळत बसलेला असे. मग अपराधी कोण, हें सांगावयास पंचाची जरुरी उरली नाहीं. मींहि आजोबापणाच्या अधिकारानें त्याला चार शब्द सुनावले. तो एवढेंच म्हणाला, "आजोबा, रागवायचें तर रागवा, पण आधीं मोजून तरी पाहूं या."

त्या मोजणींतून जें निघालें तें वाचकांपुढें ठेवण्यासारखें आहे; कारण हीच तक्रार आज पुष्कळ घरांत ऐकूं येते आणि तिचा राग बहुधा चुकीच्या माणसावर निघतो.

वायफाय म्हणजे घरापुरता रेडिओच होय. त्याच्या लहरी मुख्यत्वें दोन पट्ट्यांतून जातात. २·४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी भिंतींतून त्यांतल्या त्यांत बऱ्या जातात, पण त्यांची गति बेताची. ५ गिगाहर्ट्‌झच्या लहरी वेगवान खऱ्या, परंतु भिंत आडवी आली कीं त्या लौकर क्षीण होतात. आमच्या वाड्याच्या भिंती दगडमातीच्या व हातभर जाडीच्या. त्यांच्यापुढें एकट्या राउटरचें कांहीं चालेना, म्हणून आम्हीं 'मेश' पद्धतीचीं तीन यंत्रें बसविलीं. मुख्य यंत्र ओसरीवर, दुसरें जिन्याच्या वळणावर व तिसरें माडीवर. ओसरीवरील यंत्राचा निरोप जिन्यावरचें यंत्र झेली व माडीकडे पोंचवी.

या पद्धतीचें मर्म दौंडच्या माणसाला चटकन् समजेल. मनमाड, सोलापूर, पुणें व बारामती या चारहि दिशांच्या गाड्या दौंडास भेटतात. एकेरी मार्गावर दोन स्थानकांच्या मध्यें एका वेळीं एकच गाडी सोडतां येते. दुसरीला थांबावें लागतें. हवेंतील लहरींचेंहि तसेंच आहे. यंत्रानें निरोप घेणें व तोच पुढें देणें हीं दोन्ही कामें एकाच पट्ट्यावर केलीं, तर त्या टप्प्यावर गति सुमारें निम्म्यावर येते. म्हणून जेथें शक्य असेल तेथें दोन यंत्रांमध्यें तार घालावी. तो दुहेरी मार्ग झाला.

आतां मोजावयाचें कसें? पहिलें माप लहरींच्या जोराचें. अँड्रॉइड फोनवर वायफाय तपासण्याचीं अ‍ॅप फुकट मिळतात. तीं हा जोर 'डीबीएम' या मापानें उणे अंकांत दाखवितात. उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६७ पर्यंत बैठकीचें काम सुखानें चालतें, आणि उणे ८० झालें कीं तुटातूट ठरलेली. दर दहा अंकांच्या घसरणीस शक्ति दशांशावर येते, हें ध्यानांत ठेवावें.

दुसरें माप 'पिंग'चें. माइक म्यूस या अमेरिकन गृहस्थानें १९८३ सालीं हा चिमुकला कार्यक्रम लिहिला. दुसऱ्या यंत्राला हांक मारावयाची आणि ओ येण्यास किती वेळ लागला तें मोजावयाचें, एवढेंच त्याचें काम. ही हांक दोन ठिकाणीं मारावी. एक घरच्या राउटरला. त्याचा पत्ता फोनच्या वायफाय सेटिंगमध्यें 'गेटवे' किंवा 'राउटर' या नांवाखालीं सांपडतो. दुसरी बाहेरच्या एखाद्या ठाऊक पत्त्याला, उदाहरणार्थ ८.८.८.८ ला. राउटर लगेच ओ देतो आणि बाहेरचा पत्ता अडखळतो, तर दोष घराबाहेर. राउटरच अडखळला, तर दोष घरांत. निम्मा तंटा येथेंच मिटतो.

परंतु घटकाभराची परीक्षा पुरत नाहीं. रोग्याचा ताप जसा दिवसांतून अनेक वेळां पाहून कागदावर मांडतात, तशी ही नोंद सतत ठेवावी लागते. 'पिंगप्लॉटर' किंवा 'स्मोकपिंग' यांसारखे कार्यक्रम हें काम करतात. नातवानें घरांतला एक जुना लॅपटॉप माडीवर ठेवला आणि त्याच्याकरवीं दर पांच सेकंदांनीं दोन्ही पत्त्यांना हांक मारविली.

तीन दिवसांनीं आलेख पाहिला. रात्रीं राउटरचें उत्तर दहा मिलिसेकंदांच्या आंत येई. सकाळीं पावणेदहानंतर तेंच उत्तर तीनशें मिलिसेकंदांवर जाई आणि कित्येक हांकांना उत्तरच नसे. सायंकाळीं दिवेलागणीला पुन्हा सर्व सुरळीत! मधल्या एका दिवशीं नातू मामाकडे गेला होता. त्या दिवशींहि आलेख तसाच होता. चमत्कार असा कीं, माडीवर फोनच्या सर्व काड्या त्या वेळींहि भरलेल्या दिसत. त्या काड्या फोन व जवळचें यंत्र यांच्यामधला जोर सांगतात. त्या यंत्राचा पुढचा दुवा तुटला आहे कीं काय, हें त्या सांगत नाहींत.

मेशच्या अ‍ॅपमध्यें जिन्यावरचें यंत्र रोज पावणेदहा ते साडेसहा बंद असल्याची नोंद सांपडली. तें कोण बंद करीत असे? मीच. पूजा आटोपली कीं वाड्यांतून फिरून रिकाम्या जागेंतलीं सर्व बटणें बंद करावयाचीं, ही माझी चाळीस वर्षांची संवय. जिन्यावरच्या दिव्याबरोबर तें यंत्रहि मी निजवीत असें. मग माडीवरच्या यंत्राला दोन जाड भिंतींपलीकडच्या ओसरीशीं कसाबसा संबंध ठेवावा लागे. नातवाला बोलावून मीं माझे शब्द परत घेतले. त्या बटणावर आतां चिकटपट्टी आहे.

हीच मोजणी दौंडास माझ्या धाकट्या बंधूच्या घरीं केली, तेव्हां उत्तर अगदीं उलट आलें. तेथें राउटर क्षणांत ओ देई, पण बाहेरचा पत्ता रोज सायंकाळीं अडखळे. म्हणजे घर निर्दोष. आठवड्याचा आलेख कागदावर छापून पुरवठादाराच्या माणसापुढें ठेवला, तेव्हां त्यानें खांबावरचा सांधा उघडून पाहिला आणि तो सैल निघाला. 'वायफाय चालत नाहीं' या तक्रारीला जें वजन आलें नव्हतें, तें तारीखवार आलेखाला आलें.

आणखी कांहीं नेहमींचे दोषी सांगून ठेवतों. लोखंडी कपाट, मोठा आरसा, पाण्याची टांकी यांच्याआड यंत्र ठेवूं नये. मायक्रोवेव्ह भट्टी २·४ च्याच पट्ट्यांत गोंगाट करते. हा पट्टा भारतांत २००५ सालीं परवान्यावांचून मोकळा झाला, त्यामुळें शेजाऱ्यापाजाऱ्यांची सर्वांचीच गर्दी तेथें असते. त्यांतील १, ६ व ११ हे तीन चॅनेल एकमेकांवर चढत नाहींत, तेव्हां त्यांतला कमी गर्दीचा निवडावा. वीज जाते तेथें सर्व यंत्रें इन्व्हर्टरवर घ्यावीं; एकच घेतल्यास उपयोग नाहीं. आणि एका वेळीं एकच बदल करावा, नाहींतर गुण कशाचा तें कळत नाहीं.

शिरूरच्या वायव्येस नारायणगांवाजवळ खोडद येथें ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. आकाशांतील अत्यंत मंद लहरी ऐकणाऱ्या त्या शास्त्रज्ञांनाहि विजेच्या तारांवरच्या ठिणग्यांचा उपद्रव होतो, आणि तेहि आधीं उपद्रव मोजतात, त्याचें ठिकाण शोधतात व मगच उपाय करतात. घरच्या लहानशा जाळ्याला दुसरा नियम कशाला हवा?

एक गोष्ट मात्र कुटुंबांतील वडील मंडळींना आवर्जून सांगावीशी वाटते. कित्येक मेश यंत्रांच्या अ‍ॅपमध्यें कोणाचा फोन केव्हां जोडला होता, त्यानें किती माहिती ओढली, हेंहि दिसतें. आलेख पाहतां पाहतां माझीहि दृष्टि त्या यादीकडे वळली होती. सून रात्रीं किती वाजेपर्यंत जागी असते, पुतण्या कोणाशीं इतका वेळ बोलतो, हें एका बोटासरशीं कळलें असतें. मीं तें पान मिटलें. जाळें तपासावयास घेतलेलें साधन माणसें तपासावयास वापरलें, तर वायफाय नीट होईल, पण एका छपराखालचा विश्वास तुटेल. आणि तो कोठें तुटला हें दाखविणारें पिंग अजून कोणी लिहिलेलें नाहीं.