चालत्या देहातील वीज

माझे वडील रात्री निजण्यापूर्वी न चुकता मनगटी घड्याळाला किल्ली देत. पुढे घरात स्वयंचलित घड्याळ आले, तेव्हा हे किल्लीवाचून कसे चालेल, यावर त्यांचा विश्वासच बसेना. खरे पाहता किल्ली तेच देत होते; फक्त ती आपण देत आहोत हे त्यांना जाणवत नव्हते, इतकेच.

अशा घड्याळाच्या पोटात अर्धचंद्राच्या आकाराची एक जड चकती आसाभोवती मोकळी फिरत असते. हात हलला की घड्याळ त्याबरोबर जाते, पण चकती आपल्या जडत्वामुळे मागे रेंगाळते. या ओढाताणीत दातेरी चाके फिरतात आणि स्प्रिंग गुंडाळली जाते. ही युक्ती अठराव्या शतकातली, स्वित्झर्लंडच्या अब्राहम-लुई पेरले याच्या नावाने ओळखली जाणारी. परंतु त्या काळचे घड्याळ खिशात राही, आणि खिसा फारसा हलत नाही. पहिल्या महायुद्धानंतर घड्याळ मनगटावर आले, आणि जॉन हारवुड या इंग्रज घड्याळजीने १९२४ मध्ये स्वयंचलित मनगटी घड्याळाचे स्विस पेटंट मिळवले. १९८८ च्या सुमारास जपानच्या सैको कंपनीने त्याच चकतीला चिमुकले जनित्र जोडून क्वार्ट्झ घड्याळ चालविले. हाताच्या हालचालीची आता वीज होऊ लागली.

मग साहजिकच मनात येते की, हात हलवून घड्याळ चालते, तर खिशातला मोबाइल का चालू नये? येथे हिशेब आडवा येतो. क्वार्ट्झ घड्याळाला वॅटचा सुमारे दहा लाखावा भाग पुरतो. मोबाइल भरायला काही वॅट लागतात. आणि देहाची शक्ती फुकटची नाही. सायकलला डायनामो लावून ज्यांनी रात्री प्रवास केला आहे, त्यांना हे सांगायला नको: डायनामो टायरला टेकवला की दिवा लागतो खरा, पण त्याच क्षणी पायडल जड होते. दिव्याचे मोल मांड्या चुकवतात!

तेव्हा खरा प्रश्न असा की, देह जेथे आपली शक्ती वायाच घालवीत असतो, अशी जागा कोणती? कॅनडातील सायमन फ्रेझर विद्यापीठात मॅक्स डॉनेलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती गुडघ्यात शोधली. चालताना आपण पाय पुढे फेकतो, आणि टाच टेकण्याच्या आधी मांडीच्या मागचे स्नायू त्याला आवरून धरतात. हा देहाचा ब्रेक होय. उतारावरच्या गाडीप्रमाणे येथेही स्नायूंना खर्च करावा लागतो तो केवळ वेग मोडण्यासाठी. त्यांनी गुडघ्याला असे यंत्र बांधले की ते नेमक्या त्याच क्षणी जनित्र जोडी आणि एरवी सोडून देई. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात दोन्ही पायांमिळून सुमारे पाच वॅट वीज मिळाली, आणि ती निर्माण करण्यासाठी चालणाऱ्याला जवळजवळ जास्तीचे श्रम पडले नाहीत. मात्र प्रत्येक पायावरचे यंत्र १.६ किलो वजनाचे होते! वीज स्वस्त, पण ओझे महाग. डॉनेलन यांची कल्पना मला अत्यंत देखणी वाटते, तरी बाजारहाटाला जाताना कोणी ती गुडघ्याला बांधील असे वाटत नाही.

जेथे गरज अत्यल्प आणि हालचाल अखंड, तेथे मात्र या विद्येला खरा अर्थ येतो. हृदयाचे ठोके सांभाळणारा पेसमेकर असाच आहे. त्याला वॅटचे अवघे दहा दशलक्षांश पुरतात, पण बॅटरी काही वर्षांनी संपते, आणि ती बदलायची म्हणजे रुग्णावर पुन्हा शस्त्रक्रिया आली. वयोवृद्ध माणसाच्या घरी या ‘पुन्हा’चा अर्थ काय होतो, तो अनुभवलेल्यांनाच ठाऊक. स्वित्झर्लंडमधील बर्न येथील संशोधकांनी स्वयंचलित घड्याळाचीच यंत्रणा काढून ती डुकराच्या हृदयावर बसविली. २०१४ मध्ये त्यांनी सांगितलेल्या प्रयोगात हृदयाच्या स्पंदनांतून मिळालेली वीज पेसमेकरच्या गरजेहून कितीतरी अधिक, म्हणजे पन्नास दशलक्षांशांच्याही थोडी वर गेली, आणि तिने त्याच हृदयाला ठोके दिले. हे अजून रुग्णालयात पोचलेले नाही. यंत्र पुष्कळ लहान करावयाचे आहे, आणि मिळालेली वीज साठविण्याची सोय त्यात नव्हती. पण वडिलांच्या घड्याळातली ती चकती, हाताऐवजी हृदयाच्या हालचालीने फिरू लागली होती.