जुन्या सायकलीची पुनर्बांधणी

जुन्या सायकलीची पुनर्बांधणी म्हणजे वापरातून गेलेली सायकल पूर्णपणे सुटी करून, तिचे भाग स्वच्छ, दुरुस्त किंवा आवश्यक तेथे बदलून, ती पुन्हा चालविण्यायोग्य करणे होय. मूळ स्वरूप जपणे हा हेतू असल्यास या कामास जीर्णोद्धार म्हणता येईल. चालविणाऱ्याची गरज पाहून गिअर, ब्रेक वा हँडल बदलल्यास ते रूपांतर ठरते. मराठी बोलीत सायकल खोलून साफ करण्याला ‘ओव्हरऑइल करणे’ म्हणतात. हा ‘ओव्हरहॉल’ या शब्दाचा अपभ्रंश असला तरी कामाच्या स्वरूपाला तो मूळ शब्दापेक्षा अधिक शोभतो. या लेखात भारतात सर्वत्र आढळणाऱ्या, 28 इंची चाकांच्या व दांडीच्या ब्रेकच्या काळ्या सायकलीचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी

ही सायकल मूळच्या ब्रिटिश ‘रोडस्टर’ नमुन्यावर बेतलेली आहे. स्वातंत्र्यानंतर सोनीपतची ॲटलस (1951) व लुधियानाची हिरो (1956) या कंपन्यांनी आणि आसनसोलच्या सेन-रॅले कारखान्याने हा नमुना खेडोपाडी पोहोचविला. अनेक दशके रचनेत फारसा बदल न झाल्यामुळे पन्नास वर्षे जुन्या सायकलीलाही आजचे कॉटर, छर्रे, आरे व टायर बसतात. घरच्या घरी पुनर्बांधणी शक्य होते ती प्रामुख्याने यामुळेच.

तपासणी

खर्च करण्यापूर्वी सांगाडा तपासावा. गंज वरवरचा असेल तर चिंता नाही. परंतु नळ्यांच्या सांध्यांजवळ बारीक रेषेसारखी भेग दिसली किंवा चिमटा मागे वाकलेला आढळला, तर रंगाने तो दोष झाकणे धोक्याचे असते. चिमट्यावर चालविणाऱ्याचा जीव असतो. सांगाडा सरळ आहे की नाही हे पाहण्यास साधा दोरा पुरतो. मागील चाक बसते त्या एका खाचेपासून दोरा निघून हँडलखालच्या उभ्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेपर्यंत ताणावा व सीटखालील नळीपासून दोन्ही बाजूंचे अंतर मोजावे. अंतरे सारखी नसल्यास सांगाडा पिळलेला आहे.

सांगाड्यावर ठोकलेला क्रमांक याच वेळी लिहून ठेवावा. तो मालकीचा पुरावा असल्याने घासून पुसट करू नये.

सायकल खोलणे

सुटे करण्यापूर्वी प्रत्येक सांध्यात तेल सोडून एक रात्र जाऊ द्यावी. नवशिक्यांची सर्वाधिक फसगत उलट्या आट्यांमुळे होते. डावे पायडल आणि बहुतेक सायकलींतील पायडलच्या आसाची उजवी कटोरी उलट्या आट्यांची असते. नेहमीच्या दिशेने जोर लावला तर त्या सुटण्याऐवजी अधिकच आवळल्या जातात.

कॉटर काढणे ही या कामातील खरी परीक्षा. पायडलचा दांडा आसावर धरून ठेवणारी ही पाचर वर्षानुवर्षे जागेवर गंजलेली असते. नट पूर्ण काढून घाव घातल्यास आटे चेपतात आणि पाचर अडकून बसते. म्हणून नट थोडाच सैल करावा, दांड्याखाली जाड नळीचा टेकू द्यावा व एकच सणसणीत घाव घालावा. हलके दहा घाव पाचर वाकवितात. टेकू न दिल्यास माराचा आघात थेट छर्ऱ्यांवर व कटोऱ्यांवर जातो. नवे कॉटर बसविताना ते परस्परविरुद्ध दिशांनी घालावेत. दोन्ही एकाच दिशेने घातल्यास पायडलचे दांडे एका रेषेत राहत नाहीत आणि सायकल लंगडत चालल्यासारखी वाटते. काही किलोमीटर चालविल्यावर नट पुन्हा आवळणे अगत्याचे आहे.

छर्रे घासलेटमध्ये धुवून तपासावेत. एखाद्यावर खळगा दिसला तरी त्या बाजूचे सर्व छर्रे बदलावेत, कारण नवा छर्रा जुन्यांपेक्षा किंचित मोठा भरतो आणि सगळा भार एकटाच घेतो. कोन आवळताना चाक मोकळे फिरावे, पण हाताने हलवल्यास डुगडुगू नये.

साखळीची झीज पट्टीने कळते. नव्या साखळीतील 24 कड्यांची लांबी बरोबर 12 इंच असते. ती अष्टमांश इंचाने वाढली असल्यास साखळी बदलावी.

चाके व ब्रेक

या सायकलीच्या पुढील चाकात बहुधा 32 व मागील चाकात 40 आरे असतात. चाकाचा ‘आउट’ काढताना सायकल उलटी ठेवून ब्रेकच्या रबराजवळ रिम कोठे जाते ते पाहावे आणि निपल एका वेळी पाव फेराच फिरवावे. दांडीच्या ब्रेकचे रबर रिमच्या बाजूंवर नव्हे, तर आतल्या, आसाकडील पृष्ठभागावर दाबले जाते. त्यामुळे चाक डावीकडे-उजवीकडे सरळ असून भागत नाही. ते गोलही असावे लागते. त्यात उंचवटा राहिल्यास ब्रेक दर फेऱ्याला झटके देतो.

क्रोमचा मुलामा दिलेल्या पोलादी रिमवर पावसात ब्रेकची पकड फार कमी होते. सायकल कितीही चकचकीत झाली तरी हा दोष जात नाही. म्हणून उताराच्या गावात रोज चालवायची असेल, तर या एका बाबतीत मूळ रूपाचा आग्रह सोडणेच शहाणपणाचे. मागील चाकास ड्रम ब्रेक बसविल्यास रिम ओली असली तरी बिघडत नाही.

रंगकाम

जुना रंग खरवडावा की राखावा, याबाबत मतभेद आहेत. हाताने ओढलेल्या सोनेरी रेघा, पुढील नळीवरचे पितळी बोधचिन्ह आणि नगरपालिकेचा कर भरल्याचा बिल्ला असलेली सायकल रंगवून ‘नवी’ केल्यास तिचा इतिहासच पुसला जातो. अशा वेळी तेलाच्या फडक्याने पुसून मेणाचा हात देणे पुरेसे असते.

रंगवायचेच असेल, तर जुन्या रंगात शिसे असू शकते हे लक्षात ठेवावे. भारतात घरगुती रंगांतील शिशावर 90 पीपीएम ही मर्यादा नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगांची खात्री देता येत नाही. त्यामुळे कोरडे घासू नये, पाण्याचा पॉलिश पेपर वापरावा, तोंडाला मास्क लावावा आणि मुलांना दूर ठेवावे. गंज निघाल्यावर रेड ऑक्साइडचा हात व त्यावर रंगाचे पातळ थर द्यावेत. आट्यांत रंग जाऊ देऊ नये.

गरजेनुसार बदल

सर्वांत स्वस्त व उपयुक्त बदल म्हणजे मागील फ्रीव्हील. पुढे 44 व मागे 18 दाते असल्यास पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे 5.46 मीटर जाते. मागे 22 दात्यांचे फ्रीव्हील घातल्यास हे अंतर सुमारे 4.47 मीटर होते. वेग कमी होतो. मात्र चढावर उतरून ढकलत नेण्याची वेळ कमी येते. मोठ्या फ्रीव्हीलसाठी साखळीत एखाद-दुसरे कडे वाढवावे लागते.

अधिक खर्चाची तयारी असल्यास आसातच गिअर सामावणारे हब बसविता येते. स्टर्मे-आर्चर कंपनीच्या 1936 सालच्या ‘एडब्ल्यू’ हबमध्ये तीन गिअर असून, मधल्याच्या तुलनेत खालचा 25 टक्के हलका व वरचा 33 टक्के जड असतो. हल्लीची अनेक गिअरची चाके मात्र या सांगाड्याच्या मागील खाचांत मावत नाहीत. पोलादी सांगाडा थोडा फाकवता येतो. ॲल्युमिनियमचा कधीही फाकवू नये.

पहिली फेरी मोकळ्या मैदानात, हळू वेगात मारावी आणि परतल्यावर कॉटर, हँडलचा बोल्ट व दोन्ही चाकांचे नट पुन्हा पान्याने तपासावेत.